विसर्ग

दुसरी पाळी साडेअकराला सुटते.
अंबडहून सिडकोत बारा मिनिटं,
जानेवारीत पंधरा, कारण हेल्मेटच्या काचेवर
माझाच श्वास बसून राहतो.
बूट जिन्यातच काढतो.
हातावरचं तेल कपड्याच्या साबणानं घालवतो
आणि मग ते हात कोमट पाण्यात धरतो थोडा वेळ.
गार हात लागला की ती दचकते.

कस्तुरी. साडेचार वर्षांची.
दिवसा एकदम पक्की. बालवाडीत करंगळी दाखवते,
लग्नाच्या हॉलमध्ये तर सगळ्यांदेखत ओरडून सांगते.
रात्रीचं तिला कळत नाही, एवढंच.
डॉक्टरबाई म्हणाल्या, झोप गाढ आहे, येईल हळूहळू,
आणि संध्याकाळची द्राक्षं बंद करा.
नाशकात! ऐन हंगामात!
मामा पिंपळगावहून क्रेट पाठवतो तेव्हा!

मी क्वालिटीत आहे. दिवसाला चारशे बुश
गेजमध्ये घालून बघतो: जातो, जात नाही.
पास झालेल्याला हिरवा ठिपका.
साहेबांना विचारून ठिपक्यांचं एक पान घरी आणलं,
कोरड्या सकाळी ती स्वतः चिकटवते कॅलेंडरवर.
लाल ठिपके कंपनीतच राहू दिले.

रात्रपाळीच्या आठवड्यात वैजू उठते,
आणि सकाळी मला फोन.
"पाणी कुठवर?"
"दुतोंड्याच्या गुडघ्यापर्यंत."
कधी कमरेपर्यंत. एकदा, कलिंगड खाल्लं त्या रात्री,
गंगापूरचे सगळे दरवाजे उघडले होते म्हणे.
पोरीला लाज वाटू नये म्हणून ही भाषा.
शेजारच्या खैरनार काकू गॅलरीतून ऐकतात
आणि विचारतात, आत्ता थंडीत कुठला गं पूर?

परवा तिला उचललं तेव्हा कोरडी होती.
जड, ऊबदार, काठोकाठ भरलेल्या हंड्यासारखी,
हिंदकळू नये म्हणून मी पाय सावकाश टाकतो.
बाथरूमचा दिवा नाही लावत, पॅसेजमधला पुरतो.
छोट्या सीटवर बसवली. पाय लोंबतायत,
कपाळ माझ्या पोटावर.
शूऽऽ म्हटलं.
याच शूऽऽनं वर्षभर झोपवली होती तिला,
बहुतेक म्हणूनच आणखी झोपली.

टाकी ठिबकत होती. पाथर्डी फाट्याकडून एक ट्रक गेला.
नुसतं उभं राहून काय करायचं,
म्हणून मी बोलायला लागलो, हळू,
कुणालाच सांगितलं नव्हतं ते.
की मी नऊ वर्षांचा होईपर्यंत...
की निफाडला थंडी अशी, की ओलं झाल्यावर
पहाटेपर्यंत मी त्याच ओलीत पडून राहायचो,
हललो तर गार बाजू लागेल म्हणून.
की गादी ओट्यावर वाळत पडायची, रस्त्याकडेच्या,
मुद्दाम,
आणि शाळेत जाणारी पोरं
तिच्यावरच्या डागाला देशांची नावं ठेवायची.
की आजीवर माझा राग नाही.
थोडा आहे.

मग आवाज आला. बारीक, लांबलचक.
माझ्या पोटावरचं डोकं एकदा हललं, बस.

सकाळी साडेसातला तिनं मला हलवून उठवलं.
"बाबा, दुतोंड्या कोरडा."
वैजूकडे बघितलं, वैजूनं माझ्याकडे.
म्हणजे इतके दिवस कळतच होतं तिला.

आज पुन्हा गळ्यापर्यंत.
मेणकापड पुसलं, चादर भिजत घातली,
गोधडीचं एक टोक तिनं धरलं, एक मी,
आणि मागच्या गॅलरीत, टाकीच्या बाजूला, टाकली.
तिथून फक्त कबुतरं बघतात.
"तुझे किती ठिपके झाले होते?" तिनं विचारलं.
"आमच्याकडे ठिपके नव्हते."
ती आत गेली. बराच वेळ नखानं काहीतरी खरवडत होती.

अडीच वाजता गेटवर कार्ड पंच करताना
वॉचमननं माझ्या मनगटाकडे बघितलं.
"काय साहेब, पास झालात?"